लेकीची नाव

मोडनिंबला आमची बस पंक्चर झाली. शेजारच्या गॅरेजपुढे ट्रॉलीवर एक लोखंडी नाव पालथी ठेवली होती आणि पन्नाशीची एक बाई तिच्या बुडाचा जुना रंग खरवडत होती. मधूनच डोळे मिटून तळहात फिरवायची, खरखरीत लागलं की पुन्हा घासायची.

"मावशी, पाण्याखालचा रंग कोण बघणार?" मी विचारलं.

"कुनी न्हाय. पर उद्यापासनं धरणावर ही नाव माजी लेक चालवनार हाय. गाव म्हनतंय, पोरीच्या नावंत आमी बसनार न्हाय."

"मग?"

"मग मी बसनार की पयली!" असं म्हणून तिने ऐटीत रंगाचा डबा उघडला.

बस सुटली तेव्हा अर्धं बूड लालभडक झालं होतं. त्या नावेत बसायला मलाही आवडलं असतं.