हजर व्यक्ती : एक

तळघरातल्या चाचणी खोलीत बावीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. वरच्या दोन मजल्यांवर त्याला ‘तळघरवाले काका’ म्हणत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी काकांना कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांचे कागद तेवढे वर जात, वळणदार अक्षरातले, खाडाखोड नसलेले.

कंपनी रुग्णालयांसाठी यंत्रं बनवायची, खाटेशेजारी ठेवायची, पेशंटची नाडी मोजणारी. काकांचं काम सांगायला सोपं होतं. यंत्र चालू करायचं, पडद्यावर एक आकडा उमटतो तो वहीत लिहायचा, यंत्र बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. दिवसातून दोनशे वेळा.

हा आकडा म्हणजे प्रोसेसरचा वेग. गंमत अशी, की प्रोसेसर स्वतःचे ठोके बिनचूक मोजतो, पण सेकंदाला आपले किती ठोके पडतात हे त्याचं त्याला सांगता येत नाही. सेकंद म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून आतल्या सर्किट बोर्डावर दुसरं एक घड्याळ बसवलेलं असतं, संथ, साधं, पण वेगाला पक्कं. यंत्र जागं होताना कर्नल, म्हणजे सगळ्यांना कामं वाटून देणारा आतला मुख्य प्रोग्राम, त्या संथ घड्याळाला पन्नास मिलिसेकंद मोजायला लावतो आणि तेवढ्यात प्रोसेसरचे ठोके किती पडले ते बघतो. त्यावरून वेग काढतो. पुढे यंत्र बंद होईपर्यंत त्याचा प्रत्येक सेकंद याच एका मोजणीवरून ठरतो. इथे चुकलं की सगळंच चुकलं.

काकांची मुलगी लहान होती तेव्हा तिला हा कर्नल लष्करातला वाटायचा. ‘माझे बाबा रोज कर्नलला झोपेतून उठवतात’ असं तिने शाळेत सांगितलं होतं आणि महिनाभर वर्गात भाव खाल्ला होता. आता ती दूरच्या शहरात होती. दर रविवारी अकराला फोन करायची. जेवण, औषध, झोप, हे तीन प्रश्न झाले की फोन संपायचा. चार मिनिटं. काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच.

नव्या यंत्राचा आकडा होता अठराशे. चाचणीच्या पहिल्याच दिवशी पाच वेळा अठराशेच्या जागी अठराशे चोपन्न आला. तीन टक्के जास्त. ऐकायला किरकोळ, पण असं यंत्र दिवसाकाठी जवळजवळ पाऊण तास मागे पडतं आणि बहात्तरची नाडी चौऱ्याहत्तर दाखवतं. काकांनी वर कळवलं. वरच्यांनी तशीच चार यंत्रं आपोआप बंद-चालू होतील अशी जोडली आणि पाचशे वेळा तपासलं. पाचशेच्या पाचशे वेळा अठराशे.

विभागप्रमुखांना सगळे ‘कालसाहेब’ म्हणत, कारण कुठलंही काम कधी हवंय असं विचारलं की ते ‘काल’ म्हणायचे. काकांच्या चष्म्याचा नंबर वाढला असणार, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. कर्नलचा तो मोजणीचा भाग जिने लिहिला होता ती मात्र गुरुवारी दुपारी तीनला स्वतः खाली आली, सभेच्या खोलीतली एक खुर्ची ओढत, काखेत लॅपटॉप आणि हातात चहाचा थर्मास घेऊन. यंत्रं पुढच्या शुक्रवारी बाहेर पडायची होती.

काका तिला मॅडम म्हणाले. मॅडम नको, ती म्हणाली. मग ताई? तेही नको, ताई म्हटलं की बसमध्ये कुणी सरकायला सांगतंय असं तिला वाटायचं. शेवटी ‘इंजिनीअरबाई’वर तडजोड झाली. ती हसली, म्हणून काकांनी तेच चालू ठेवलं.

त्या दिवशी ती दीड तास बसली. आकडा एकदाही हलला नाही. पेशंट डॉक्टरसमोर आला की ठणठणीत, असं म्हणून ती वर गेली, आणि दहाच मिनिटांत चोपन्न हजर. शुक्रवारी तेच, सोमवारीही तेच.

खरं तर त्या दीड तासात कामाचं बोलणं थोडंच व्हायचं. थर्मासच्या झाकणात काकांना चहा ओतून द्यायचा आणि बोलत राहायचं, अशी तिची पद्धत. तिच्या खोलीवर राहणारी दुसरी मुलगी फ्रिजमधल्या दुधाच्या बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवते, म्हणजे कुणी प्यायलं तर कळावं. दुसरं कुणी म्हणजे कोण, मीच ना, असं ती म्हणायची. शनिवार-रविवार कुणाशी बोलणंच होत नाही, त्यामुळे सोमवारी सकाळी पहिला शब्द घोगरा निघतो, हेही तिने असंच हसत सांगितलं. काका हसले नाहीत. त्यांना तो घोगरा शब्द चांगलाच ओळखीचा होता. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात पेन, असे ते ऐकत राहायचे.

मधल्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तीन प्रश्न झाल्यावर काकाच बोलायला लागले. चोपन्नाबद्दल, दुधावरच्या रेघेबद्दल, कालसाहेबांबद्दल. फोन ठेवल्यावर त्यांनी पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती.

काकांच्या वहीत चार रकाने होते: वेळ, आकडा, हजर व्यक्ती, शेरा. ‘हजर व्यक्ती’ हा रकाना कुणी आणि कशासाठी आखला होता देव जाणे. काका बावीस वर्षं त्यात मुकाट्याने एक लिहीत आले होते. गुरुवारपासून मात्र तीन ते साडेचारच्या ओळींत ते दोन लिहायला लागले होते, जरा मोठ्या अक्षरात. सोमवारी संध्याकाळी निघताना ते उगाच तीच पानं चाळत बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं, की चुकलेला आकडा ‘दोन’च्या एकाही ओळीत नव्हता. सगळे चोपन्न ‘एक’च्या ओळींत.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, दुपारी विजेचा दाब बदलत असेल. मग त्यांनी एक यंत्र चालू केलं आणि पडद्याऐवजी स्वतःकडे पाहिलं.

उजवा अंगठा स्पेसबारवर ठकठक करत होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षीची यंत्रं सुरू होताना ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणून अडून बसायची. ती कधीच भंगारात गेली, पण अंगठ्याची सवय राहिली. यंत्र चालू केलं की पडदा उजळेपर्यंत ठकठक. वरच्यांनी यंत्रांना कीबोर्ड जोडून पाहिले होते, पण तिथे कळ दाबणारं कुणी नव्हतं. आणि काकांच्या शेजारी कुणी बसलं, तर काकांच्या हातात चहा असायचा.

मंगळवारी सकाळी त्यांनी हात मांडीखाली दाबून चाळीस वेळा यंत्र चालू केलं. चाळीस वेळा अठराशे. मग ठकठक करत चाळीस वेळा. तीन चोपन्न. कारणही त्यांना उमगलं. कळ दाबली की बोर्डाचा स्वतःचा एक छोटा प्रोग्राम कर्नलच्या नकळत प्रोसेसरला क्षणभर बाजूला ओढून नेतो. नेमके ते पन्नास मिलिसेकंद चालू असताना ओढलं, की कर्नल मोजणी थांबवायला उशिरा पोचतो. तोवर ठोके जास्त पडलेले असतात. त्याला वाटतं, प्रोसेसरच वेगवान आहे.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं. हे लिहिलं, की तीनला कुणी येणार नाही, हे त्यांना तेव्हा सुचलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी ती आली. बुधवारीही आली, आणि सहापर्यंत थांबली. तिने विजेचा दाब तपासला, तापमान तपासलं, संथ घड्याळाला ठोका देणारा स्फटिक बदलून पाहिला. काका तिला पेचकस देत होते, दिवा धरत होते, आणि चहा संपला तरी झाकण हातातून सोडत नव्हते. वर कालसाहेब तिला रोज सगळ्यांसमोर विचारतात, सापडलं का, म्हणून. हे ती सांगायची आणि काका मान हलवायचे. घरी गेल्यावर त्यांना जेवण जात नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पावणेतीनला ते तिची खुर्ची फडक्याने पुसत होते.

गुरुवारी ती आली ती थर्मास न उघडताच बसली. कालसाहेबांनी तोडगा काढला होता: कर्नलने मोजायचंच नाही, आकडा थेट अठराशे लिहून टाकायचा. पुढच्या महिन्यात दोन हजार वेगाचे प्रोसेसर येणार आहेत, तेव्हा यंत्र त्यांनाही अठराशेच समजेल, बहात्तरची नाडी पासष्ट दाखवेल, असं तिने सांगून पाहिलं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं उत्तर मिळालं.

“खोटा आकडा लिहायचा,” ती म्हणाली, “आणि खाली नाव माझं.”

वही काकांच्या समोरच उघडी होती. त्यांनी ती मिटली. मग कीबोर्ड पुढे ओढला.

“खुर्ची इकडे घ्या,” ते म्हणाले. “पडद्याकडे नका बघू. माझ्या अंगठ्याकडे बघा.”

अकराव्या वेळी चोपन्न आला. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. काकांचा हात बाजूला करून तिने स्वतः ठकठक करून पाहिली, सात, आठ, पंधरा वेळा, आणि चोपन्न दिसल्यावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी. मग थांबली. मंगळवारचं पान तिने उलटून काढलं. चाळीस आणि चाळीस, आणि शेजारी कोरा रकाना.

“तुम्हाला कधी कळलं?”

“मंगळवारी सकाळी.”

“आणि बोलला नाहीत.”

 

“तीनला तुम्ही येत होता ना,” ते म्हणाले. “म्हणून.”

मग तिने लॅपटॉप मिटून काखेत घेतला.

“तीन दिवस मी वर शिव्या खात होते, काका,” एवढं म्हणून ती गेली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. थर्मास खाली तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला नवा कर्नल आला. तो ती घेऊन आली नाही, नेटवर्कवरून आपसूक उतरला. आता तो पाच वेळा मोजत होता, आणि ज्या मोजणीत मध्येच खंड पडल्याचं दिसेल ती टाकून देत होता. सोबत सूचना होत्या: शंभर वेळा कळ न दाबता, शंभर वेळा दाबत. बदलाच्या टिपणात शेवटी एक ओळ होती, ‘दोष चाचणी खोलीने दाखवून दिला.’ कधी, ते लिहिलेलं नव्हतं. काकांनी ती ओळ दोनदा वाचली.

जेवणाची सुट्टी न घेता त्यांनी सव्वादोनपर्यंत दोनशे पूर्ण केले. दोनशे वेळा अठराशे. अंगठा ठकठक करो की मांडीखाली असो, खोलीत कुणी असण्या-नसण्याचं यंत्राला काही सोयरसुतक राहिलं नव्हतं. तेवढ्यात वरून एकजण आला, सभेच्या खोलीत एक खुर्ची कमी पडतेय म्हणाला, आणि घेऊन गेला.

तीनला काका थर्मास धुऊन, पुसून वर गेले. दुसऱ्या मजल्यावर ते बावीस वर्षांत तिसऱ्यांदा येत होते. कुणाकडे आलात, असं दारातल्याने विचारलं. तिचं टेबल त्यांनी तिच्या पाठीवरून ओळखलं. कानाला हेडफोन होते. थर्मास त्यांनी तिच्या कोपराजवळ ठेवला तेव्हा तिने एक कान मोकळा केला.

“झाले दोनशे?”

“झाले. सगळे अठराशे.”

“मंगळवारचा शेरा राहिलाय,” ती म्हणाली. “भरून टाका.” आणि तिने हेडफोन परत लावला.

काका जिना उतरून खाली आले. वही उघडली, मंगळवारचं पान काढलं आणि कोऱ्या रकान्यात मावेल अशा बारीक अक्षरात लिहिलं: ‘दोष कळ दाबल्याने. कळ मी दाबत होतो. मंगळवारी कळलं, गुरुवारी सांगितलं.’ मग आजचं पान काढून यंत्र चालू केलं. वेळ तीन वाजून वीस मिनिटं, आकडा अठराशे, हजर व्यक्ती एक.