मुठीच्या आतला नंबर

खंडेनवमीला रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू लावलं की नंतर मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्या काढून पूर्ण पुसायचं, हे माझ्या कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या यादीतलं पहिलं काम. ओलं कुंकू फटीत राहिलं तर जुनं पोलाद गंजतं. गोळ्या मी घरात ठेवत नाही. निवृत्त पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची, ती बघण्यासाठी.

हा नाद मला माझ्या मित्राने लावला. अमेरिकेत, नेपरव्हिलला आम्ही बरोबरच आलो, घरं एका वळणावर. लाकडी पट्ट्यांच्या आत पेन्सिलने लिहिलेला नंबर रिव्हॉल्व्हरच्या नंबराशी जुळला तर पट्ट्या मूळच्या, हेही त्यानेच शिकवलं. माझ्या जुळल्या. त्याच्या जुळल्या नाहीत, तेव्हा तो दिवसभर गप्प होता. वरून मात्र दोन्ही जोड्या सारख्याच दिसायच्या.

खंडेनवमीची पूजा आम्ही त्याच्याकडे करायचो. पाटावर दोघांची रिव्हॉल्व्हरं, शेजारी त्याच्या बायकोची विळी. गेल्या वर्षी मला पूजेवरूनच विमानतळ गाठायचा होता, रेडमंडला ऑफिसचं काम होतं. रिव्हॉल्व्हर त्याच्या तिजोरीत ठेवलं. परवाना दोघांकडेही आहे. परत आल्यावर त्याने ते आणून दिलं.

"कुंकूबिंकू सगळं पुसलंय. आता लगेच यादी काढू नकोस!"

दोघंही हसलो. तो गेल्यावर मी यादीप्रमाणे स्क्रू काढले. आतला नंबर माझा नव्हता. पण ओळखीचा होता. त्याला दिवसभर गप्प बसवणारा.

मी तसाच त्याच्याकडे गेलो. तो गराजमध्ये होता.

"तुझ्या पट्ट्या उघड."

"काय रे, धाड घातलीस की काय?"

"उघड."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "प्रदर्शनात पाठवायचं होतं यार. तिथे उघडून आतला नंबर रिव्हॉल्व्हरच्याच काळातला आहे का, एवढंच बघतात; माझा फार नंतरचा आहे, तुझा चालला असता. ते झालं की गुपचूप बदलून देणार होतो."

"मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या."

"तू? तू आधी फॉर्म भरून घेतला असतास."

आतून त्याच्या बायकोने हाक मारली, "भाऊजी, चहा टाकलाय, बसा."

मी उभाच राहिलो. "मला कळणार नाही असं वाटलं तुला?"

"मी हातात आणून दिलेली वस्तू तू उघडून बघशील, असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. चेहरा असा, की जणू फसवणूक त्याची झाली होती. मग त्याने पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. मी चहा घेतला नाही.

यंदा पूजा आमच्याच घरी केली. पाटावर गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप, पान्हे आणि एकच रिव्हॉल्व्हर. बायको म्हणाली, "पाट रिकामा रिकामा वाटतोय." दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमात तो आपट्याची पानं घेऊन समोर आला.

"सोनं घे. सोन्यासारखा राहा."

मीही त्याला पान दिलं. लोक बघत होते, म्हणून मिठीही मारली.

घरी येऊन कुंकू पुसायला बसलो. पट्ट्या काढल्या आणि दिव्याखाली धरून नंबर वाचला, मग रिव्हॉल्व्हरवरचा वाचला. रिव्हॉल्व्हर वर्षभर माझ्या कपाटाबाहेर गेलं नव्हतं. तरी मी दोन्ही पुन्हा वाचले.