रडून झाल्यावर

सिनेमा सुटला की आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई रसवंतीच्या कोपऱ्यावर थांबायच्या, चष्मा काढून पदरानं पुसायच्या आणि विचारायच्या, "रडून झालं का वं बायाहो? आता सांगा, काय पटलं नाही ते."

रडायच्या त्याही, आमच्याहून जास्तच. पण रडवलं म्हणून सिनेमा खरा, हे त्यांना मान्य नव्हतं. सिनेमातून बाहेर पडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. डोळे पुसत रिक्षा शोधतात. आमची वरात मात्र त्या कोपऱ्यावर भांडत बसायची.

मास्तरीणबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि महाल भागातल्या आम्हा बायकांना सीताबर्डीला मॅटिनीला न्यायच्या. पुस्तकंही द्यायच्या, पण बजावून, "वाचजो, पण सारंच ऐकू नको त्याचं." ज्या पुस्तकाशी त्यांचं स्वतःचं भांडण झालं नाही, ते दुसऱ्याला देण्यात त्यांना रस नसे. सिनेमाहून आलेल्या बायका घरी फार बोलतात, अशी गल्लीतल्या पुरुषांची तक्रार होती. ती खरीच होती.

मी तेव्हा नवी सून. शाळेत नोकरी मिळत होती. घरात काय कमी आहे, असं सासरे म्हणाले आणि विषय संपला. मी आतल्या आत कुढत होते. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी एक सिनेमा मुद्दाम सुचवला. त्यातली डॉक्टर झालेली नायिका शेवटी दवाखान्याला कुलूप लावून सासरी परतते. आम्ही हुंदके देत बाहेर आलो. कोपऱ्यावर नेहमीचा प्रश्न आला. माझ्या सासूबाई तिथं कधी तोंड उघडत नसत, मुकाट रस प्यायच्या. त्या दिवशी पेला खाली ठेवून म्हणाल्या, "मले नाही पटलं. इतकी शिकली, अन् दवाखाना काहून बंद करायचा तिनं?"

मास्तरीणबाईंनी रसवाल्याला सासूबाईंचा पेला पुन्हा भरायला सांगितला.

घरी आल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांना तेच "काहून" विचारलं, पण माझ्या नोकरीबद्दल. सोमवारी मी शाळेत रुजू झाले.

पुढं काही वर्षांनी मास्तरीणबाई काविळीनं गेल्या. बरेच महिने आम्ही सिनेमाचं नावही काढलं नाही. मग एकदा गेलो, मुद्दाम हसण्याचा सिनेमा निवडून. हसलोही खूप. पण कोपरा आला तशी सगळ्यांची पावलं थांबली आणि एकेकीचा पदर डोळ्यांना लागला. मला त्यांची इतकी आठवण आली की रसाचा पेला मी तसाच खाली ठेवला.

सासूबाईंनी आम्हाला थोडा वेळ रडू दिलं. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "रडून झालं का वं बायाहो? आता सांगा."