आईच्या फोटोची तारीख

लग्नात सुटलेली शाळा म्या मुक्त विद्यापीठातनं परत धरली, लेक कडेवर घेऊन. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. विषय घेतला, गावातल्या बायकांनी मिळून केलेली कामं. त्यातलं एक तर म्या डोळ्यानं बघितलेलं.

माझं माहेर ढोकीजवळ. कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर शाळेपुढनं असे सुसाट जायचे, आमी पोरं रस्त्याच्या कडंलाच थिजायचो. मग एक दिवस गल्लीतल्या बायका रस्त्यातच बसल्या, आई सगळ्यात पुढं, म्या तिच्या मांडीला चिकटून. पेपरात फोटो आला. आईनं तो भिंतीला डकवला, पण आधी वरची पट्टी कापली. आमच्यात मांडणीवर पेपर अंथरताना कापायचीच, डोक्यावर देवाचं चित्र असतंय, त्यावर पातेलं कसं ठेवायचं? आईला वाचता येत न्हाय, देव कुठल्या पानावर हाय कुणाला ठाऊक, म्हणून ती सगळ्याच पानांची डोकी कापायची.

ते कात्रण भिंतीवरनं काढून प्रकल्पाला जोडलं, मार्गदर्शक सरांनी बघितलं. "पेपरचं नाव? तारीख? पान?"

"सर, ही माझी आई हाय की."

"आई असली तरी संदर्भ लागतो. नाहीतर हा भाग काढा."

तो काढला तर प्रकल्पात राहतंय काय? आईला फोन लावला, "कुठला पेपर होता गं?"

"चहाच्या हाटेलातला."

"आगं, कवाचा?"

"हुरडा चालू होता. तू दुसरीत, पुढचे दात पडलेले. बोळकं पसरून हसतीयास बघ फोटोत."

तेवढ्यावर धाराशिवच्या वाचनालयात गेले. जुन्या पेपरांचे गठ्ठे काढून देणारे काका म्हणले, "बाई, लेकरानं पान फाडलं तर बघा." लेकीचे दोन्ही हात एका हातात धरले, दुसऱ्यानं पानं उलटली. साड्यांच्या जाहिराती, येडशीच्या जत्रेची बातमी, पिवळा पडलेला कागद, त्याचा तो वास, वाटलं आईच्या मांडणीपुढंच बसलीय. लेक रडायला लागली, काका बघायला लागले, म्या भराभरा उलटत गेले, आन् आई दिसली. वर पेपरचं नाव, तारीख, सगळं. लेकीला काखेत दाबून एका हातानं मोबाईलवर फोटो काढला, तीनदा हलला.

सरांनी संदर्भाच्या ओळीवर बोट फिरवलं. "बातमी कुणी दिली?"

"नुसतं 'वार्ताहर' छापलंय, सर."

"मग तेच लिहा." आन् त्यांनी सही केली.

बाहेर येऊन आईला सांगितलं, घेतला गं प्रकल्प, तू पाचव्या पानावर हायस.

"पाचव्या?" आई म्हणली. "म्या तर इतकी वर्षं सगळ्यांना पहिल्या पानावर म्हणून सांगतीय."