प्रभुभोजनाच्या रविवारी

भूत, आत्मा, दृष्टांत... आमच्या घरात यांचं नुसतं नाव काढलं तरी बाबा ताट बाजूला सारायचे. आईबाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं एका दिवसात बंद झालं. "आधी पुरावा आण, मग गोष्ट सांग," असं बाबा म्हणायचे. मी पुढे सायन्सची शिक्षिका झाले आणि तेच वाक्य पोरांना ऐकवत रिटायर झाले. त्यामुळे मी हे लिहितेय म्हटल्यावर आमच्या घरचेच हसताहेत. हसू देत.

नागपूर, सदरच्या मागची आमची गल्ली, साल बहात्तर किंवा त्र्याहत्तर. शेजारी डेव्हिडकाका आणि साराकाकू. काका रेल्वेत फिटर, आणि त्यांच्या छोट्या दगडी चर्चमध्ये 'वडील', म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. त्यांची एकुलती एक मुलगी निमी. माझ्याहून थोडी मोठी, पण बोलता येत नसे आणि समज लहान लेकराएवढी. आनंद झाला की एकच आवाज काढायची... ओठ मिटून "हूंऽऽम्", मग मध्येच आवंढा गिळायची आणि हसायची. तो आवाज मी हजारात ओळखला असता.

त्यांच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, बस्स. पण तो मिळायचा फक्त ज्यांनी मंडळीसमोर विश्वासाची कबुली दिली त्यांना. बाकीच्यांनी आधी बाहेर जायचं, मग मंडळी दार आतून लावून घ्यायची. निमी बाहेर एकटी बसायची नाही, म्हणून काकू मला बोलवायच्या. आम्ही दोघी पायरीवर. आत भाकर फिरायला लागली की निमी दोन्ही हातांची ओंजळ करून बंद दारापुढे धरायची. मला तेव्हा गंमत वाटायची. आता त्या ओंजळीची आठवण आली की जेवण जात नाही.

काकूंनी हट्टच धरला — निमीलाही कबुली द्यायला लावायची. महिनाभर शिकवलं. "येशू तुझा तारणारा आहे ना?" मान डोलव. "तू त्याची आहेस ना?" मान डोलव. पोरीनं शिकून घेतलं! चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि सगळे वडील परीक्षा घ्यायला बसले. निमी माझा हात सोडेना, म्हणून मलाही आत घेतलं. पाळकांनी विचारलं, निमीनं झकास मान डोलवली. पाळकसाहेब हसून म्हणाले, "झालं की." काकूंच्या डोळ्यांत पाणी.

आणि डेव्हिडकाका उठले. म्हणाले, "एक सवाल मी पण विचारतो. माझी पोट्टी आहे म्हणून सूट नको." खाली वाकून म्हणाले, "बेटा, तू आपल्या पुण्याईनं तरशील का?"

निमीनं बापाकडे बघून सगळ्यात जोरात मान डोलवली. "हूंऽऽम्" केलं, हसली.

आता त्यांच्या शिकवणीत हे उत्तर साफ चुकीचं. माणसाची पुण्याई तिथं कवडीच्या कामाची नाही. देवानं जग घडवायच्या आधीच आपली माणसं निवडली, तारण त्याच्याच कृपेनं. हे काकांनीच मला समजावलं होतं. निमीची कबुली नामंजूर झाली. मी तेव्हा दहावीत, तोंडाची फटकळ. घरी येताना रस्त्यात विचारलं, "काका, माणसाचं काहीच चालत नाई म्हणता, मग तिची परीक्षा काहून घेतली?" काकू म्हणाल्या, "तिले 'नाई' म्हणणं शिकवलंच नव्हतं वं मी..."

त्याच उन्हाळ्यात निमीला ताप आला. मेंदूत गेला, म्हणाले डॉक्टर. आठवडाही काढला नाही तिनं.

पुरून आल्यावर काकांनी अंगणातच पाळकसाहेबांचा हात धरला. "साहेब, एवढंच सांगा. माझी पोरगी निवडलेली होती का?" पाळकसाहेब म्हणाले, "ते देवाले माहीत, डेव्हिड. आपण आशा धरावी." काकू आतून ओरडल्या, "आता काहून विचारून राहिले? तेव्हा विचारलं तेवढं पुरे नाई झालं का?"

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार. कोणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. सवयीनं म्हणा. दार लागलं, मी पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. सकाळचं लख्ख ऊन, आवारात चिटपाखरू नाही. आत गाणं थांबलं. भाकर फिरत असणार.

आणि "हूंऽऽम्"...

माझ्या पाठीमागून. दाराच्या आतून. आवंढा, आणि मग हसू. मला पहिल्यांदा एवढंच वाटलं, 'अरे वा, घेतलं वाटतं निमीला आत!' मग लक्षात आलं, निमीला तर पुरलं होतं.

धाडकन कडी निघाली. काका भाकरीची थाळी हातात घेऊन धावत बाहेर आले. "कुठं आहे? कुठं आहे माझी पोट्टी?" पूर्ण आवार धुंडाळलं. मागे पाळकसाहेब, सगळी मंडळी. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सगळ्यांना आवाज बाहेरून आला होता... पायरीवरून. फक्त साराकाकूंना काही ऐकू आलं नव्हतं. त्या एकेकाचं तोंड बघत होत्या.

मी म्हटलं, "काका, बाहेर कोणीच नव्हतं. आवाज आतूनच आला."

काका पायरीवर बसून ढसाढसा रडले. एवढा मोठा माणूस तसा रडताना मी परत कधी पाहिला नाही.

त्यानंतर काकांनी वडीलपण सोडलं. प्रभुभोजनाच्या रविवारी कोट घालून यायचे आणि दार लागलं की बाहेर पायरीवर बसायचे. मे महिन्यातसुद्धा. मी दिसले की विचारायचे, "खरं सांग वं बाई, कुठून आला होता?"

"आतून, काका."

"तू बाहेर होती म्हणून तुले आतून वाटला. मी आत होतो, मले बाहेरून आला. दारातच उभी आहे माझी पोट्टी. मीच उभी केली तिले."

मी चिडायचे, भांडायचे. तुमचाच देव, तुमचंच चर्च, आणि ती आत गेली हे मी सांगतेय तर तुम्हाला चालत नाही! ते मान हलवायचे.

दहाएक वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. पाळकसाहेब घरी भाकर घेऊन आले. काकूंनी मला हाक मारली, "तूच सांग त्यांले एक डाव." मी कानाशी वाकून सांगितलं, "काका, निमी आतच होती." त्यांनी डोळे उघडले. तुकडा ओठांपर्यंत आलेला... त्यांनी हातानं तो दूर केला आणि म्हणाले, "आधी तिले द्या."

त्याच आठवड्यात ते गेले. तुकडा घेतला नाही तो नाहीच.

कबुतरं, प्रतिध्वनी, सामूहिक भ्रम... सायन्सवालीनं लावायचे तेवढे सगळे तर्क लावून झाले. एकच आवाज दाराच्या दोन्ही बाजूंना पलीकडून कसा येतो, हे मला आजही सांगता येत नाही. देव आहे की नाही यात मी पडत नाही. पण मी शुद्धीवर होते, दार माझ्या पाठीमागे होतं, आणि निमी आत होती. एवढी एक गोष्ट त्या माणसाला पटली असती तर तो सुखानं मेला असता. नाही पटवू शकले मी.