तळव्याखालचा ठोका

तो ठोका प्रथम कानाला नव्हे, तळपायाला कळला. पडेगावच्या गतिरोधकापाशी मी ब्रेक दाबला आणि पेडल थरथरू लागले; फरशीखालून कुणी आतल्या आत ठोठावत असावे, तसे. पाय उचलला, ठोठावणे थांबले.

घरी सांगितले तर हे हसले. "आता पायालाही कविता सुचायला लागल्या का तुझ्या?"

हे खुलताबादला शिकवतात. रोज संध्याकाळी याच गाडीने दौलताबादचा घाट उतरून घरी येतात. वाटेत किल्ल्याच्या तटातला जुना दरवाजा लागतो. त्याच्या कमानीतून एका वेळी एकच मोठे वाहन जाते. समोरून ट्रक आत शिरलेला असेल, तर अलीकडे थांबावेच लागते.

काही दिवसांनी हे घरी आले ते बूटही न काढता बसले. पाण्याचा पेला हातात तसाच.

"कमानीत ट्रक होता," शेवटी म्हणाले. "मी दाबत होतो आणि गाडी थरथरत पुढेच जात होती. वीतभर उरलं."

गॅरेजमधल्या मिस्त्रीने चाकांचे संतुलन साधून दिले. "बॅलन्सिंग कर दिया भाभी, अब मक्खन चलेगी!" पण परतताना ठोका पुन्हा पायाशी आलाच. मग मी मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. वेगात स्टिअरिंग शांत होते. ब्रेक लावला की तेही पेडलसोबत कापू लागे. म्हणजे दोष चाकांच्या संतुलनात नव्हता. वेग कमी करून मागची चाके धरणारा हँडब्रेक अलगद ओढला. काहीच थरथरले नाही. दुखणे पुढच्या चाकांत होते.

मिस्त्रीने चाक उतरवले. ब्रेक जिला चिमटीत धरतो, ती आतली पोलादी तबकडी सपाट फिरायला हवी. ती लहरत होती. तिच्यावर निळसर डाग उमटले होते, कातडीखाली रक्त साकळावे तसे. दोन्ही बाजूंच्या तबकड्या बदलल्या. दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी सिग्नलला तोच ठोका, आधी अगदी हलका.

नवे पोलाद कोण वाकवत होते?

त्या संध्याकाळी मी मुद्दाम अंगणात थांबले. गाडी फाटकातून आत आली. ब्रेकचा करपट वास तिच्या आधी आला. सासूबाई नेहमीप्रमाणे कळशी घेऊन पायऱ्या उतरल्या.

"लई दमून आली बिचारी. पाय धुऊ दे तिचे."

पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून त्यांनी पाणी ओतले. आतून चर्र आवाज आला, तापल्या तव्यावर हबका मारावा तसा, आणि एक पांढरी वाफ वर चढली. तो आवाज मी कितीदा तरी ऐकला होता. घरी परतल्याचा आवाज म्हणून तो मला आवडतही असे. त्या दिवशी मात्र तो ऐकताना मला तबकडीवरचे निळसर डाग आठवले. घाटभर तापलेले लोखंड रोज एका क्षणात थंड होत होते, आणि रोज थोडे वाकत होते.

ही रीत त्यांनी स्वतःच घातलेली. सासरे गेले ते गंगापूरच्या जीपमधून. जीप त्यांना न्यायला दारात आली, तेव्हा चाके धुळीने माखलेली होती. नळाला पाणी नव्हते, म्हणून सासूबाईंनी रिकामी कळशी परत आत नेली. जीप उतारावर थांबली नाही. तेव्हापासून घरच्या गाडीचे पाय त्या कोरडे ठेवत नाहीत. आमच्या शहरात नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो. पण त्या स्वतःची आंघोळ आखडतील, ही कळशी नाही.

मी सगळे सांगितले, जमेल तितक्या हळू. त्या आपल्या ओल्या हातांकडे पाहत राहिल्या.

"म्हंजी कमानीत त्याला मीच ढकलत होते?"

"पाणी नाही चुकत, आई. फक्त चाकं निवू द्यायची. मग घाला."

तबकड्या पुन्हा बदलल्या. त्या संध्याकाळी हे आले, तेव्हा सासूबाई मांडीवर भरली कळशी घेऊन पायरीवर बसल्या. निवणारे लोखंड मधूनच टक् करी. प्रत्येक टक्‌सरशी त्यांची बोटे कळशीच्या काठावर आवळत.

"निवली का गं?"

"अजून नाही."

तेवढ्यात यांचा फोन वाजला. परीक्षेच्या खोलीची किल्ली यांच्याच खिशात राहिली होती. पुन्हा खुलताबादला जाणे भाग होते.

"थांब रे! पाय धुयाचे ऱ्हायले तिचे!"

"आई, आल्यावर धुवा. आलोच."

गाडी फाटकाबाहेर गेली, कोरडी, अंगभर घाटाची धूळ घेऊन. ब्रेक मी स्वतः तपासला होता. तरी माझा उजवा पाय अंगणाची फरशी दाबत होता. कोपऱ्यावर दोन लाल दिवे लागले. गाडी जागच्या जागी उभी राहिली, वळली, दिसेनाशी झाली.

"धरला का गं ब्रेक?"

"धरला, आई."

सासूबाईंनी कळशी खाली ठेवली नाही.

"इथं धरला," त्या घाटाच्या दिशेने पाहत म्हणाल्या.