वन्संचा खोकला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं वगळूनच बोलते. चौथीपर्यंत शिकले, म्हणून लिहिता येतं – बोलता मात्र कधी आलं नाही. चार बायका जमल्या की मी काहीतरी काम काढून आत जाते.

माझ्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, तशा नव्हत्या. नवरा लवकर गेला, कापडगिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात राबल्या, गिरणी बंद पडल्यावर लालबागला आमच्या खोलीत आल्या. दुपारी गॅलरीत बायका लसूण सोलायला बसत, त्या वन्संभोवती. वन्सं सगळ्यांना हसवायच्या. मी आत भांडी लावत असायचे. मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. याचा मला राग होता का? – होता.

त्यांचा खोकला जुनाच. सकाळी मोरीत बसून कफ काढायच्या, मला किळस यायची. तो फार वाढला तेव्हा परळच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. यंत्रांच्या आवाजाने वन्संचे कान गेलेले, म्हणून डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या. कफ म्हणजे घाण नाही, म्हणाल्या. श्वासाच्या नळीला आतून चिकट ओल असते, धूळ तिच्यात अडकते आणि खोकल्याने बाहेर पडते. वन्संच्या छातीला कापसाच्या धुळीने कायमची सूज, म्हणून कफ जास्त. टीबी तपासला, नाही. कुणाला लागण्यासारखं काही नाही.

मला सगळं कळलं. – हे मुद्दाम लिहिते, कारण कळलं नव्हतं असं मीच मला कितीदा सांगितलंय.

चाळीत परतलो तेव्हा वन्सं खाली जिन्याचा कठडा धरून दम घेत होत्या. वर जिन्याच्या तोंडाशी शेजारच्या काकींनी विचारलं, "काय गं, काय म्हणाला डॉक्टर?" मागे आणखी दोघी थांबल्या. सगळ्या बघत होत्या – माझ्याकडे. मी म्हणाले, "पोरांना जरा लांब ठेवा."

त्या दिवसापासून मला हाका येऊ लागल्या. ये गं, बस गं, आज कसं आहे? मी कफाचा रंग सांगायचे. पांढरा असला तरी हिरवा सांगायचे. एकदा तर लाल सांगितला. यांना म्हटलं, औषध चालू आहे, पण जपायला हवं. वन्संचा कप वेगळा झाला. पोरं दारातूनच वळू लागली. वन्संना कुणी काही बोललं नाही – पण ऐकू न येणाऱ्या माणसाला डोळ्यांनी कळायचं राहतं का?

एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्यामुळे आपल्या चिमीला काही होणार नाही ना गं?" चिमी माझी लेक. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "जपलेलं बरं, वन्सं." मोठ्याने. त्यांना ऐकू जाईल असं.

थोड्याच दिवसांत त्या आपणहून गावी गेल्या, कोकणात, चुलतभावाकडे. निघताना चिमीला जवळ घेतलं नाही. तोंडावर पदर धरून लांबूनच हात केला. पुढे गॅलरीतलं बसणं मोडलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, हाकाही थांबल्या.

वन्सं तिकडेच वारल्या, तेराव्याला आम्ही गावी गेलो. चुलत जाऊ सांगत होती – शेवटपर्यंत पडवीत एकट्याच निजायच्या. पोरं जवळ आली की काठी दाखवायच्या, माझा खोकला लागेल म्हणायच्या. तिथल्या डॉक्टरनेही समजावलं, पण त्यांना पटलं नाही.

मी पंगतीत वाढत होते. ऐकलं, आणि पुढच्या पानावर भात वाढला.